समोरच्या इमारतीची ऊब

३ नोव्हेंबर
तालिंगाला पोहोचले, इथल्या बॉयलरची इंजिनियर म्हणून. उणे चोवीस, स्वच्छ ऊन. स्टेशनवर शेजारीण अग्निया तिखोनोव्हना न्यायला आली होती. माझी बॅग पाहून म्हणाली, एवढ्याशा सामानात हिवाळा काढणारी इंजिनियर पहिल्यांदाच बघतेय बाई. खोली छान आहे. भिंतीजवळच्या, गरम पाण्याच्या रेडिएटरला हात लावला की चटका बसतो. तिने पिरोग, म्हणजे कोबी भरलेला गरम पाव, आणून दिला.
रेल्वेमार्ग घातला तेव्हा इथे सहा हजार माणसं होती, आता तीनशे. बॉयलर दोन इमारती तापवतो: आमची, आणि समोरची रिकामी.

६ नोव्हेंबर
कोळसा दोन्ही इमारतींना वसंतापर्यंत पुरणार नाही. समोरची बंद केली तरच आम्ही तगू. अग्निया म्हणते, ती रिकामी नाही. रूळ घालताना पहिल्याच हिवाळ्यात बॉयलर फुटला, मजुरांची अख्खी बराक झोपेत गोठली. पुढे पक्की इमारत झाली तेव्हा लोकांनी तिथे आपापल्या मृतांना खोल्या दिल्या. नवऱ्याच्या खोलीत ती अजून चहा ठेवते. मी विचारलं, पितो का. म्हणाली, तुझ्यासारखे फाटे फोडत नाही, एवढं खरं.

८ नोव्हेंबर
समोरचा व्हॉल्व्ह बंद केला, पाणी काढलं, पाइप कापला. बॉयलरवाल्या रोदिओनने फक्त विचारलं, तुझ्या खोलीत जादा खाट आहे का.

९ नोव्हेंबर
ऊब कमी पडली की इथे लोक रेडिएटरवर चमचा आपटतात. आज दुपारी समोरून तोच आवाज. थंडीने धातू आकसतो. पण असा थांबून थांबून नाही.

११ नोव्हेंबर
आवाज बंद. बर्फात पावलं उमटलीत. सगळी इकडे येणारी. अनवाणी.

१२ नोव्हेंबर
रेडिएटर तापलेला, खोली शून्याखाली. पुन्हा मोजलं. तेच. अग्नियाच्या खाटेवर दोन उशा. दुसरीवर कुणी नाही, तरी ती दबलेली—

१३ नोव्हेंबर
पाइप परत जोडायला गेले. समोरचे सगळे पाइप आत उरलेलं पाणी गोठून चिरलेत. रोदिओन म्हणाला, आता त्यांना परत कुठे पाठवणार. खोल्या पुरत नाहीत. आपल्यातल्या कुणीतरी तिकडे जायलाच हवं.

१४ नोव्हेंबर
अग्निया तिकडे गेली, आपणहून. नवऱ्याला इथली ऊब मिळू दे म्हणाली.
माझं दार आतून बंद आहे. मी बाहेर—

समोरच्या इमारतीत. अग्निया बसली आहे, पापण्यांवर बर्फ. हातमोजे काढले, गरम होतंय. गोठताना शेवटी असंच वाटतं, माहीत आहे मला. उठायला हवं. माझ्या खिडकीत दिवा लागलाय, कुणीतरी पडदा सारून इकडे—