उर्जा म्हणाली, जा

उंटरश्लाइसहाइम, जर्मनी
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

चि. मालूस,
अक्काचा तोंडभरून आशीर्वाद. तुझा गुडघा आणि जयंतरावांचं पथ्य दोन्ही बरं चाललंय असं धरून लिहिते. फोन केला असता, पण प्रणव फोन टेबलावर ठेवून सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावून देतो, आणि ही गोष्ट सगळ्या घराची नाही. मीनलच्या ऑफिसातली शिवांगी पुण्याला निघालीय, ती तिथून टपालात टाकेल. अक्षर चौथीचं आहे, सांभाळून घे.

तर काल आधी आला तो कुत्रा. मग केक आला, आणि केकामागून ती. ती म्हणजे खालच्या मजल्यावरची बाई. नाव ग्रेटे, पण आपली उर्जा तिला ओमा म्हणते. ओमा म्हणजे इकडे आजी. रक्ताची ना नात्याची, आणि आजी. सगळ्यात शेवटी तिचा नवरा होर्स्ट, म्हणजे ओपा.

प्रणव-मीनल कामावर गेले की पोर त्यांच्याकडेच वाढली, हे मला मान्य आहे. उपकार आहेत. पण पाय सुजवून घेत मी घटस्थापनेला इथे उतरले ती कोणासाठी? घंटी वाजली की पोर "ओमा" करत अशी सुटते की मी पुढे केलेला घास माझ्याच हातात राहतो. वेण्यासुद्धा ओमाच घालते, आणि मेलीला वेण्या चांगल्या येतात. तिच्या केकात वेलची नाही, जायफळ नाही, नुसत्या सफरचंदाच्या फोडी. उर्जानं तो मागून खाल्ला. माझी दसऱ्याची पुरणपोळी कुत्र्यानं खाल्ली.

मग ओपाची शिकार सुरू झाली. तो धनुष्यबाणानं हरणं मारतो. इथे तसं मारायला बंदी आहे म्हणून दरवर्षी हंगेरीला जातो. लहान पोरीपुढे काय हे विषय, असं मी प्रणवला म्हटलं, तर पोरगी त्याच्या मांडीवर बसून तेच मागत होती. प्रणव मला मराठीत सांगत गेला.

बाण लागला की हरीण तिथल्या तिथे पडत नाही म्हणे. पळतं. आपल्याला काय झालं हे त्याचं त्यालाच कळत नाही. तेव्हा मागे धावायचं नाही. मागे कोणी नाही असं वाटलं की ते जवळच झुडपात आडवं होतं आणि तिथेच शांत होतं. पाठ धरली तर असेल नसेल ते बळ काढून रानापलीकडे जातं. मग ते आपल्याला सापडत नाही आणि त्याचे हाल संपत नाहीत.

"किती वेळ थांबायचं?" मी विचारलं.

"ते रक्त बघून ठरतं," ओपा म्हणाला. "गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसात लागला, अर्धा तास पुरे. पोटात लागला असेल तर सहा तास, कधी अख्खी रात्र."

"आणि कुठे लागला तेच माहीत नसेल तर?"

"तर जास्त थांबायचं."

ओमा म्हणाली, "आमचं भांडण झालं तरी हा असाच थर्मास घेऊन बसतो." सगळे हसले. मलाही हसू आलं होतं, पण मी दाखवलं नाही.

तेवढ्यात तिनं उर्जाला केकचा आणखी एक तुकडा दाखवला. पोर म्हणाली, "जा." आणि बशी पुढे केली.

मी प्रणवला म्हटलं, "तिला जा म्हणते आणि वर बशी पुढे करते, ही कुठली रीत?"

"आई, ते 'या' आहे, तिच्या बोबड्या बोलण्यात त्याचं 'जा' होतं. 'या' म्हणजे हो. जर्मनमध्ये हो."

मालू, मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तुला सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं. आले त्याच संध्याकाळी मी पोरीला विचारलं होतं, बाळा, तुझ्याजवळ बसू का? ती म्हणाली, "जा." घरात तिला मराठी समजतं पण उत्तर ती जर्मनमध्ये देते, हे कुठे ठाऊक होतं मला? मी उठले आणि खोलीत जाऊन रडले. वर मनात धरलं, त्या ओमानंच पढवलं असणार, आजी आली की जा म्हण. दुसऱ्या दिवसापासून लाडू घेऊन पोरीच्या मागे मागे, आणि ती पुढे पुढे, जिन्यावरून थेट खाली.

पोर मला हो म्हणाली होती, आणि मी उठून गेले होते. बाण कोणाला लागला होता ते बघ.

पाहुणे गेल्यावर वाटलं, धावत जावं आणि तिला कवेत घ्यावं. नाही गेले. कापूस घेऊन खिडकीपाशी वाती वळत बसले. हरणाला मारून खायचं असतं, मला काही नातीला खायचं नाही, पण बसणं तेच. ती दारात आली, बघून गेली. मी मान वर केली नाही. पुन्हा आली, आणि कापसाचा पुंजका उचलून मांडीवर घासायला लागली.

मी हळूच विचारलं, "तुझ्याजवळ बसू का?"

"जा," ती म्हणाली, आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं.

बसले. जेवायची हाक आली तरी बसले. तिनं वळलेली वात सुरवंटासारखी झालीय, ती मी कोणाला लावू देणार नाही.

एक सांगायचं राहिलं, काल निघताना ओमा विचारत होती, पुढच्या वेळी पुन्हा केक आणू का. प्रणवनं मराठीत सांगितलं. मी म्हटलं, जा. कुठल्या भाषेत म्हटलं ते तू ओळख. बुधवारी येतायत दोघं, कोजागिरीच्या दुधाला. वेलची मी घालणार आहे.

तुझी,
आजही पदर पोरीच्या मुठीत, म्हणून जिला आता उठता येत नाही अशी,
अक्का