दुधाबरोबरची गोळी

१४ ऑक्टोबर, पलूस
गोळ्यांचा तिसरा दिवस. सकाळची ओकले. संध्याकाळचीही. मेढ्याच्या रानात वनरक्षक म्हणून सात वर्षं फिरले, बिबट्याला भ्याले नाही, आणि एवढ्याशा गोचिडीने लोळवलं. लाइम नावाचा आजार म्हणे, गोचीड चावून होणारा. उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून रजा टाकून माहेरी.
आधीच्या कॅप्सूलने अंगभर गांधी उठल्या, म्हणून आता ही गोळी. डॉ. म्हणाले, "ही सोसायलाच हवी. अठ्ठावीस दिवस."
सोसा म्हणे. स्वतः एक घेऊन बघा म्हणावं.

१६ ऑक्टो.
कपडे वाळत घालायला पंधरा मिनिटं अंगणात, तर नाक, कपाळ, हात भाजून निघाले. या गोळीवर ऊन चालत नाही. नोकरी सगळी उन्हात.
आई म्हशीचं गरम दूध घेऊन आली. "आगं, गोळी लय उष्ण आसती. नुसत्या पान्यानं कशी सोसंल? दुदाबरोबर घे."
घेतली. राहिली! संध्याकाळचीही राहिली. आईचा चेहरा बघण्यासारखा.
फक्त इथे लिहिते: डॉ.नी पहिल्याच दिवशी बजावलंय, दुधाबरोबर नको, आधी-नंतर दोन तास नको. आईला सांगितलेलं नाही. पण ओकण्यापेक्षा...

२९ ऑक्टो.
तेरा दिवस एकही ओकारी नाही. गुडघा मात्र तसाच. जास्तच सुजलाय. उतरेल.
रेंजरसाहेबांचा फोन. "डिसेंबरात फिरतीवर येताय ना? नाहीतर टेबलावर घेऊ." टेबल म्हणजे जावक रजिस्टर आणि शिक्के. त्यापेक्षा मेलेली बरी.

६ नोव्हें., सांगली
कोर्स संपायला दोन दिवस. गुडघ्यातून सुईने पाणी काढलं. मी ओरडले, दादाने हात धरला. (सैन्यातून सुट्टीवर आलाय, त्यानेच आईला नि मला गाडीने नेलं.)
डॉ.: "गोळी कशाबरोबर घेता?"
मी तोंड उघडायच्या आत आई, "दुदाबरोबर. म्याच देते की, दोनी येळंला, ताजं."
डॉ.नी पेन खाली ठेवलं. "अहो, दुधाने औषध अंगात नीट उतरत नाही. इतके दिवस फुकट गेले. आता पहिल्यापासून."
दादा तिथेच सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला. "आडानी ती आडानीच! पोरीचा पाय घालवलास."
आईने माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्यावरची पट्टी नीट करत बसले. डॉ.ही माझ्याकडेच बघत होते. त्यांना आठवत असणार. नवी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मी घडी घालून पर्समध्ये टाकली.

७ नोव्हें.
पुन्हा दिवस पहिला. पाण्याबरोबर. दोन्ही वेळा ओकले.
आईने दूध सोडलं. चहासुद्धा कोरा. "पोरगी बरी हुईस्तवर मला नगं." धार काढायलाही शेजारणीला बोलावलं, आणि तिलाही आपणहून सांगितलं, "म्या घात केला गं लेकीचा."
मी आत पडून ऐकत होते.

९ नोव्हें.
आज सांगायचं असं ठरवून उठले. तेवढ्यात सगळं बाहेर. आई पुसायला वाकली तर म्हणाले, "तुझ्यामुळे हे दुसऱ्यांदा भोगतेय."
म्हणाले खरी. जीभ झडली नाही.
ती म्हणाली, "व्हय गं बाय."

११ नोव्हें.
भाकरी खाऊन मग गोळी, असं करून सकाळची राहिली. संध्याकाळची नाही. आई घमेलं धरून बसली होती. माझं तोंड पुसून झाल्यावर हळूच विचारलं, "डाक्टरांनी तुला आदी सांगितलं न्हवतं का गं?"
माझ्याकडे बघत नव्हती. घमेल्याकडे बघत होती.
म्हणाले, "नाही."
"मग तुजा काय दोष," म्हणाली, आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. किती तरी वेळ. हात काढ म्हणणार होते.
अजून तेवीस दिवस.