पेंढ्याचं वासरू

प्रिय संयू,

तुझं पत्र पोचलं. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी घ्यायला कोण येणार, असं विचारलंस. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी गोठ्याचं ऐक. माझं अक्षर तिसरीतच थांबलंय, लावून घे.

आपली गौरी श्रावणात गाभडली. सातवा लागला होता. वासरू पुरतं होतं, अंगावर लव, पापण्यासुद्धा. वासराशिवाय गौरी पान्हा सोडीना. आणि मल्लेश्वरमची गिऱ्हाइकं तुला ठाऊकच आहेत, दारात गाय उभी करून डोळ्यांदेखत काढलेलंच दूध हवं. मग तुझ्या अण्णांनी नेहमीचंच केलं. त्याच वासराच्या कातड्यात पेंढा भरला, बांबूचे पाय लावले, मीठ चोळलं आणि काखेत मारून दारोदार निघाले. गौरी त्याला चाटायची, धार लागायची. गिऱ्हाइकांतल्या हेमलताक्कांना आता नीट दिसत नाही. म्हणाल्या, अण्णा, वासरू स्वल्प वाळलंय, काही खाऊ घाला की त्याला. मी हसले. नंतर हसू आलं नाही.

घरी ते ओट्यावर असायचं. गल्लीतल्या गाभण गाई जाता-येता थांबून चाटायच्या. मिठासाठी असेल म्हटलं. पण मी त्याचं तोंड भिंतीकडे करून आत जावं, आणि बाहेर यावं तर तोंड रस्त्याकडे. अण्णा म्हणायचे, मी हात लावला नाही. तुझे अण्णा खोटं बोलतात, पण असल्या बाबतीत नाही. मग एकेक गाय गाभडायला लागली. सगळ्या सातव्याच्याच आसपास. आता गल्लीत एकाही वासराचं हंबरणं ऐकू येत नाही.

सरकारी डॉक्टर आला, रक्त घेऊन गेला. परत येऊन म्हणाला, ही साथ पडलेल्या गर्भातून पसरते, तुम्ही ती काखेत घेऊन घरोघर वाटलीत. दूध उकळलं तर भय नाही. कच्च्या दुधालोण्यातून माणसांनाही लागते, पोटुशीचं पोट पाडते. वासरू जाळायला लावलं. पेंढा जळताना उतू गेलेल्या दुधाचा वास आला. मला रोज दिवेलागणीला ताप चढतो, हाडं ठणकतात. हेमलताक्कांनाही तसंच. आणि गौरी ओट्याशी त्याच जागी उभी राहून हवा चाटते, वासराच्या पाठीच्या उंचीलाच. कुणी हात न लावता तिच्या सडांतून दूध गळतं.

अण्णा डॉक्टरला मानत नाहीत. नजर लागली म्हणतात. सोमवारी तुला आणायला हुबळीला निघताहेत. तुला आवडतं ते कच्च्या दुधाचं लोणी डब्यात भरलंय. मी फेकून दिलं, तर त्यांनी स्वतः बसून पुन्हा घुसळलं. म्हणून हे पत्र. लोणी पुरून टाक, बोटसुद्धा चाटू नकोस. त्यांच्याबरोबर येऊ नकोस. सासूबाई सोडत नाहीत म्हण, जन्मात एकदा त्या बाईचा उपयोग होऊ दे. आईनं लेकीला माहेर बंद केलं, असं लोक म्हणतील. म्हणू देत. मघापासून गौरीनं चाटणं थांबवलंय. तोंड रस्त्याकडे करून उभी आहे, कुणी यायचं असल्यासारखी. ती येणारी तू होऊ नकोस.

तुझीच,
आई