राखणीला कोण हाय?

मंगळवार, दिवेलागण

मक्याचं बी आणायला औरंगपुऱ्यात गेले होते. यंदा घट्ट पानांचं, शेंडा पुरता झाकलेल्या कणसाचं वाणच घ्यायचं, हे घरूनच ठरवलेलं. गेल्या पोळ्याला हे गेले, शेतातला राखणीचा माळा रिकामा पडला, आणि दहाव्याच्या आत पोपटांनी सगळी कणसं शेंड्याकडून सोलून खाल्ली.

दुकानदार म्हणाला, "मावशी, हे वाण पाखरांना दाद देत नाय, पण उतारा कमी. त्या दुसऱ्याचा शेंडा उघडा राहतो, पण कणीस लई भरतं. राखणीला कुणी हाय का?"

"हायेत की," मी म्हणाले.

हायेत! राखणीच्या गड्याला कुणी हायेत म्हणतं का? घरात असं मी एकाच माणसाला म्हणायचे. आणि खोटं बोलले असंही वाटंना.

त्यानं उघड्या शेंड्याचंच बी दिलं. पिशवी ह्यांच्या गोफणीखाली ठेवलीय. तिकडं बघवत नाय.

उद्या बदलून आणायची तर त्याला सांगावं लागंल, राखणीला कुणी नाय. मघापासून एकटीच तसं म्हणून बघतेय. तोंडातून 'हायेत' एवढंच येतंय.