उजवा हात खांद्याच्या खाली

नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार, सकाळचा (बिनसाखरेचा) चहा झाल्यावर

प्रिय दिलीप यास,

भगवंताचा नमस्कार. हात छातीपाशीच जोडून करतो आहे. कपाळापर्यंत न्यायला डॉक्टरांची मनाई आहे, तेव्हा आदरात काही कमी भासल्यास त्याचे खापर त्यांच्यावर फोड. तुझी प्रकृती ठणठणीत असणारच. कुकटपल्लीत तू अकराव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढतोस असे सगळ्यांना सांगत असतोस (लिफ्टमध्ये तुला पाहिलेले दोन साक्षीदार माझ्याजवळ आहेत, पण ते असो). जयवंतावहिनींच्या गुडघ्याचे काय झाले? त्यांना सांग, ऑपरेशन करायचे असेल तर खुशाल करा, पण आधी डॉक्टरांना विचारा की गुडघ्याबरोबर आणखी काय काय जाईल. मी विचारले नव्हते.

फोन सोडून पत्र का, असे तुझ्या मनात आले असेल. फोन मी केला होता, मंगळवारी. तू तीनदा 'कौन? कौन बोल रा?' असे ओरडलास आणि 'रॉंग नंबर' म्हणून ठेवून दिलास. तो रॉंग नंबर मी होतो. झाले असे की हृदयाची बायपास उत्तम झाली. आता माझ्या हृदयातून रक्त असे धावते की विशीतल्या पोराला लाज वाटावी. पण या गडबडीत गळ्यातली एक नस दुखावली आणि डावीकडचा स्वरतंतू हलायचे विसरला. ज्या आवाजाला चिक्कडपल्लीच्या सभागृहात कधी माइक लागला नाही, ज्याने पंखे बंद करायला लावले, ज्याच्यामुळे बाहेरचा इडलीवाला गिऱ्हाइकाला 'ठैरो, साब का भाषण होने दो' असे सांगायचा, तो आवाज आता पिठाच्या डब्यात शिरलेल्या झुरळासारखा येतो. डॉक्टर म्हणाले, परत येईल. किती येईल असे विचारले, तर ते माझ्या पायाची सूज बघू लागले.

घरात त्यामुळे एक चमत्कार झाला आहे. मी कुजबुजतो म्हणून सगळेच कुजबुजतात. अनुराधा कुजबुजून विचारते, 'भाजी कोणती करू?' भाजीवाली तिला कुजबुजून भाव सांगते. परवा शेजारचे रेड्डी आले, तेही इतके हळू बोलले की मला एक अक्षर ऐकू आले नाही आणि मी काय म्हणालो ते त्यांना ऐकू आले नाही. आमची अशी निर्मळ चर्चा पंधरा वर्षांत झाली नव्हती. मोठ्याने बोलतो तो एकटा तेजस. माझे कुजबुजणे तो घरभर जाहीर करतो आणि ते असे : 'आई, बाबांना पानी होना!' मराठीच्या शुद्धतेसाठी चाळीस वर्षे व्यासपीठ हलवलेल्या माणसाच्या वतीने हे वाक्य उच्चारले जाते! मी दुरुस्ती करायला घसा साफ करतो, तोवर पाणी येते. (पाणी शुद्ध असते.)

आवाजाच्या व्यायामासाठी रसिका नावाची मुलगी येते. पुण्याची आहे, गोड आहे आणि निर्दय आहे. ती मला पेल्यातल्या पाण्यात नळी घालून बुडबुडे काढायला लावते. 'काका, आज बुडबुडे छान सलग आले हं!' असे ती म्हणाली तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगली आणि फुगताच दुखली. आयुष्यात टाळ्या पुष्कळ घेतल्या, पण बुडबुड्यांबद्दल प्रथमच. शिवाय रुग्णालयाने एक उशी दिली आहे. खोकला, शिंक, हसू, यांपैकी काहीही येणार असे वाटले की ती छातीशी घट्ट धरायची. उशी लाल आहे आणि बदामाच्या आकाराची आहे. विज्ञाननिष्ठ, विवेकवादी, कुणापुढे न झुकलेला भगवंत दिवसभर गॅलरीत लाल बदाम कवटाळून बसतो. समोरच्या वसतिगृहातल्या मुली मला हात करतात. उलट हात करायला मला बंदी आहे.

ही हाताची बंदी म्हणजे माझ्यावरचा सर्वांत मोठा अन्याय. छातीचे हाड कापून तारेने बांधले आहे, ते जुळेपर्यंत उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. तू माझी भाषणे ऐकली आहेस. माझे निम्मे मुद्दे खांद्याच्या वर असतात. वॉर्डात एकदा सफाईबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून मूठ उचलली, तर सिस्टर धावत आली : 'चाचा, हात ऊपर नक्को करो बोले तो सुनतेच नई आप!' मी तिला नागरिकांचे हक्क समजावू लागलो. तिने माझा हात खाली केला, पांघरुणात खोचला आणि निघून गेली. इतका निर्णायक प्रतिवाद तूही कधी केला नाहीस.

आता मुख्य तक्रारीकडे येतो, आणि ती तुझ्याविरुद्ध आहे. गेल्या महिन्यात तुमच्या कुकटपल्लीच्या मंडळात तू भाषण केलेस, ते तेजसने मला मोबाइलवर लावून दिले. (अनुराधेने तुला दोनदा आमच्या दारातून परत पाठवले, कारण आपण भेटलो की भांडतो आणि भांडण हृदयाला वाईट. मोबाइलमधून तू घरात शिरशील हे तिच्या लक्षात आले नाही.) आपल्या मुलांना मराठी कसे येणार, हा तुझा विषय. माझे मत तुला पाठ आहे : शुद्ध बोला, नाहीतर गप्प बसा. (सध्या मी स्वतः दुसरा पर्याय पाळतो आहे, हे तुझ्या आधी मीच सांगून टाकतो.) तू मात्र म्हणालास, 'आपण मुलांच्या चुकीच्या मराठीला हसलो, म्हणून ती आज बिनचूक तेलुगू बोलतात.'

यावर तुझ्या श्रोत्यांनी काय केले? हात उंच करून 'वाह वा! मुकर्रर!' असा गिल्ला केला. मुशायऱ्यात शायराला शेर पुन्हा म्हणायला लावावे तसे! या आपल्या हैदराबादी मराठी माणसांच्या खोडीविरुद्ध मी किती सभा झोडल्या आहेत. भाषण म्हणजे मुशायरा नव्हे. वक्त्याचे वाक्य आवडले तर माणसाने घरी जाऊन त्यावर विचार करावा, हात वर करून ते पुन्हा मागू नये. माझ्या व्याख्यानात एकदा एका वकिलाने 'मुकर्रर' म्हटले, तेव्हा मी भाषण थांबवून त्याला खाली बसवले होते, हे तुला आठवत असेल. (तो वकील तूच होतास.)

तर ते उथळ वाक्य ऐकून मी संतापाने खुर्चीतून उठलो आणि निषेध म्हणून उजवा हात उंच, अगदी उंच उचलला. छातीत कट् असा आवाज झाला. तार सरकली, टाके उसवले आणि मी पुन्हा त्याच वॉर्डात, त्याच सिस्टरच्या तावडीत. तिने हात पुन्हा पांघरुणात खोचला. थोडक्यात, माझ्या दुसऱ्या ऑपरेशनला तुझे वक्तृत्व जबाबदार आहे. या बाबतीत अनुराधेला काही विचारू नकोस, ती तेव्हा स्वयंपाकघरात होती.

दुसऱ्यांदा आत नेताना, खरे सांगतो, मी घाबरलो. मरणाला नव्हे. त्यावर माझे एक तासाभराचे व्याख्यान तयारच आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी गळ्यात पुन्हा नळी घालणार असे सांगितले आणि मला वाटले, उरलेला दुसरा स्वरतंतूही आता गेला. शुद्धीवर आल्यावर सगळ्यांत आधी मी 'मित्रहो' म्हणून पाहिले. झुरळ जिवंत होते. इतका आनंद मला झुरळाबद्दल यापूर्वी झाला नव्हता.

बाकी सर्व क्षेम. मीठ बंद, तूप बंद, भाषण बंद. तुझ्या सर्व मतांशी पूर्वीइतकाच असहमत,

तुझा
भगवंत

ता. क. : चिक्कडपल्लीच्या व्याख्यानमालेतले शेवटचे पुष्प माझे आहे, हे तुला माहीत आहे. चिटणीस चारुलताबाई येऊन गेल्या. 'तुम्ही नुसते अध्यक्ष म्हणून बसा, बोलायचं काही नाही,' असे (कुजबुजून) म्हणाल्या. मला शोभेची कुंडी करतात! मी भाषण लिहून काढले आहे आणि ते सभेत होणारच. वाचणारा मात्र हवा. तेजसला दिले तर 'मित्रहो'चे 'दोस्तां' होईल. माझा आवाज कुठे चढतो, कुठे थांबतो आणि पाणी पिण्याचे नाटक कुठे करतो, हे चाळीस वर्षे पहिल्या रांगेत बसून शत्रुत्वाने ऐकलेला एकच माणूस आहे. पत्र घेऊन तेजस आला आहे, त्याच्या पिशवीत भाषणही आहे. नाही म्हणणार असशील तर निदान त्याला चहा पाज.

आणखी एक : भाषण तुझ्या मतांविरुद्धच आहे. 'दिलीपरावांचे हे अज्ञान' असे जिथे येते तिथे अडखळू नकोस, खणखणीत वाच. समासात जिथे फुली आहे तिथे उजवा हात वर कर, माझ्या वतीने. तिसऱ्या पानावर तुझे ते तेलुगूचे वाक्य खंडनासाठी घेतले आहे. ते चुकून दोनदा उतरले आहे. खोडू नकोस, आहे तसे दोनदा वाचलेस तरी चालेल.

दिलीपभावजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून ह्या चार ओळी. मी तेव्हा स्वयंपाकघरात नव्हते, शेजारच्याच खुर्चीवर शेंगा सोलत होते. तुमचं ते वाक्य आलं आणि हे उठून उभे राहिले, हात वर केला आणि 'मुकर्रर' म्हणायला लागले. आवाज निघाला नाही. म्हणून हात आणखी वर गेला. नाही म्हणू नका, आता दारातून परत पाठवणार नाही. सभेत मी ह्यांच्या उजव्या हाताला बसेन. तिसरं पान आलं की तो हात धरून ठेवायला कुणीतरी पाहिजेच.
– अनुराधा