चौदावा डबा

इंझोरी, ता. २७ जानेवारी १९५५

गोपीचंदभाऊ, आणि तुझ्यामार्फत, गेल्या शनिवारी इंझोरीच्या तंबूत फिल्मच्या तेरा डब्यांचा सिनेमा बघून चौदाव्या डब्यावाचून घरी परतलेल्या तमाम स्त्रीपुरुषांनो,

आपणा सर्वांवर अन्याय झाला आहे. आपण तिकीट पूर्ण काढलं, थंडीत पूर्ण कुडकुडलो आणि गोष्ट मात्र अपुरी घेऊन घरी आलो. (पत्राची सुरुवात भाषणासारखी झाली हे माझ्या ध्यानात आलं आहे. खोडत नाही. खाडाखोड केलेला कागद तुला चालत नाही हे मला माहीत आहे.)

तर श्रावणचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वाशीमच्या कोर्टापुढे निंबाखाली दिवसभर मांडी घालून तू साऱ्या तालुक्याचे अर्ज लिहितोस, पण स्वतःच्या गुडघ्याची दाद कुठे मागत नाहीस. निर्गुडीचा पाला गरम करून बांधत जा. वहिनींना नमस्कार सांग. इकडे तुझी धनीआत्या ठणठणीत आहे. कानांनी आणखी थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे गावात तिचं वजन वाढलं आहे (आपलं म्हणणं तिला पटलं असं प्रत्येकालाच वाटतं). तुझी बहीण प्रयागबाई खुशाल आहे असं समजतं. समजतं म्हणजे आत्याकडूनच. तू वाशीमला गेल्यापासून त्या घरात दोघी बायाच राहतात, आणि घरात पुरुष माणूस नसताना परक्याने ओसरी चढू नये ही आपल्या गावची रीत आहे. ती मी नऊ वर्षं पाळतो आहे, जरी त्या रीतीविरुद्ध मी मानोऱ्याला दीड तास बोललो आहे.

आता हकीकत. इस्माईलभाईंचा फिरता सिनेमा जऊळक्याचा तळ हलवून आपल्या गावी आला. खेळ होता कुठल्याशा जुन्या राजवटीतल्या एका फाटक्या कवीचा, त्याच्या प्रेमाचा आणि त्यापायी झालेल्या त्याच्या नाशाचा. नाव सांगू शकत नाही. पोस्टर पिठाच्या खळीने चिकटवलं होतं, ते गोमतीबाईच्या शेळीने वरच्या बाजूने खाल्लं. माझं मत तुला ठाऊक आहे. जो देश नुकता कुठे उभा राहतो आहे त्याला खिडकीखाली खोकत बसणारे कवी परवडणार नाहीत. तेव्हा शनिवारच्या बाजारात मी लखमाच्या बैलगाडीवर उभा राहिलो आणि पाऊण तास या सिनेमाचा निषेध केला. त्यात नायिका केस मोकळे सोडून कशी खिडकीत उभी राहते, कवी तिच्याकडे कसा बघतो, याचं मी लोकांना सावध करण्यासाठी सविस्तर वर्णन केलं. (सिनेमा मी पाहिला नव्हता. पण वाचन दांडगं असलं की पाहावं लागत नाही.) परिणाम असा झाला की तीन गावांच्या गाड्या जुंपल्या गेल्या आणि तंबूत पाय ठेवायला जागा उरली नाही. इस्माईलभाईंनी मशीन चालवणाऱ्या फय्याजबरोबर मला पहिल्या रांगेचा फुकट पास पाठवला, आणि निरोप, की मास्तरसाब, ऐसी मुखालफत हर गाँव में मिली तो अपने दिन फिर जाएंगे. शत्रू जवळून पाहिला पाहिजे, म्हणून मी गेलो.

तंबूची रचना तुला सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पडदा मधोमध टांगलेला. अलीकडे पुरुष, पलीकडे बाया. कापड पातळ, त्यावर खेळाआधी पिचकारीने पाणी मारतात, म्हणजे चित्र आरपार दिसतं. बायांना मात्र ते उलटं दिसतं, म्हणून त्यांना तिकीट अर्धं, हा इस्माईलभाईंचा न्याय. आपल्या बाजूला कवी उजव्या हाताने लिहायचा आणि त्यांच्या बाजूला डाव्या. नायिकेच्या गालावर तीळ होता. तो कोणत्या गालावर, यावरून रविवारी सकाळी निम्म्या गावात नवराबायकोंची बोलाचाली बंद होती. रतनसिंगने तर बायकोला सांगितलं की तुले तीळ डावीकडं दिसला असंन तं भाकरीबी डाव्याच हातानं कर. तिने चूलच पेटवली नाही.

असो. कवीचा अंगरखा फाटका, फेटा मात्र सदा कोरा. तो दिवसभर लिहितो. नगरशेठची मुलगी खिडकीत बसते. हा खिडकीखालच्या पायरीवर कागद ठेवून पळून जातो. ती कागद उचलते, त्याचं गाणं करते, गाणं साऱ्या नगरीत होतं, आणि ते कोणाचं हे तिला कळत नाही, कारण गृहस्थ खाली सही करत नाही. पहिल्या तीन डब्यांत मी निषेधाचे मुद्दे जुळवले. चौथ्यात विसरलो. सातव्या डब्यात तिचं लग्न लागलं, आणि वरातीत मशाल धरायला माणूस कमी पडला म्हणून ती मशाल नेमकी या गाढवाच्या हातात आली. त्या उजेडात ती बसली आहे, आणि हा हात वर धरून चालतो आहे. गोपीचंदा, तुला आठवत असेल, प्रयागच्या लग्नात गॅसबत्तीवाला ऐन वेळी आला नाही, तेव्हा ती बत्ती तू माझ्या खांद्यावर ठेवली होतीस. म्हणाला होतास, सोन्या, जरा वर धर, नवरीचं तोंड दिसू दे लोकायले. मी वर धरली होती. तंबूत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारी दौलतसिंग होता, त्याला मी वीज करणाऱ्या इंजिनाच्या धुराचं कारण सांगितलं. तो म्हणाला, इंजिन मांगं हाय मास्तर, धूर तिकडं चालला.

बाराव्या डब्यात तिचा नवरा लढाईत पडला. ती माहेरी आली. पुन्हा तीच खिडकी, आणि खाली तोच प्राणी, कागद घेऊन. मी मोठ्याने म्हणालो, अरे बोल की लेका. साऱ्या तंबूने ऐकलं. तेरावा डबा संपला तेव्हा ती दिवा घेऊन खिडकीत उभी होती आणि तो पायरीवर बसला होता. मग पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. इस्माईलभाई गॅसबत्ती घेऊन पुढे आले आणि हात जोडून म्हणाले की चौदावा डबा सापडत नाही. (नंतर कळलं, त्यांचा स्वयंपाकी हेमला याने जऊळक्याच्या तळावर तो डबा डाळीच्या हंड्यावर झाकण म्हणून ठेवला होता. निघताना हंडा घेतला, झाकण विसरला.)

लोक खवळले. कोणी तंबूचे खुंटे उपटायची भाषा करू लागला. तेव्हा इस्माईलभाईंनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, मास्तरसाब ने दुनिया की किताबां पढ़ी, आखिर वो ही बताएंगे. मला पुढे ढकलण्यात आलं. बत्ती माझ्या पुढ्यात होती, त्यामुळे माझी सावली पडद्यावर पडली, आणि बायांच्या बाजूला मी बारा फूट उंच झालो असणार. आयुष्यात मला एवढी मोठी सभा मिळाली नव्हती.

मी शेवट सांगितला. कवीला क्षय लागतो आणि पहाटे तो पायरीवर मरतो. पुरुष नाकं पुसू लागले. पलीकडून गोमतीबाईचा आवाज आला, मास्तर, आमी लेकरं घिऊन आलो, त्याले काहून मारून राह्यले तुमी? मी त्याला उठवलं. मग तो सारा मुलूख जागा करतो, शेठ आणि राजा दोघांविरुद्ध लोकांना उभं करतो, आणि मी त्याच्या तोंडी एक भाषण घातलं. दौलतसिंग म्हणाला, मास्तर, हे तं तुमी सकाळीच लखमाच्या गाडीवर बोलले. लोक हसले. मी तिसरा शेवट जुळवत होतो, तेवढ्यात पडद्यामागून एक आवाज आला. मोठा नव्हता.

मास्तर, एक विचारू? त्यानं तिले कदी विचारलं का?

आवाज प्रयागचा होता. (आठवड्याला एक पुस्तक धनीआत्या माझ्या वाचनालयातून नेते आणि आणते. आवाज वर्षातून दोनतीनदा, विहिरीवरून जाताना. पण ओळखायला तेवढा पुरतो.) मी म्हणालो, बाई, तो गरीब, शेठ गर्विष्ठ, त्या काळचा समाज, घराण्याची रीत, तो कसा विचारणार. वक्त्याला कारणांची कमतरता नसते. ती म्हणाली, शेठ नाई म्हनला असता, थे पुढचं. लोकं बोलले असते, थेबी पुढचं. तिले विचारलं का? थे तं खिडकीतच बसून होती बाप्पा. तेरा डबे झाले.

गोपीचंदा, विधवाविवाहावर मी कारंज्याला बोललो आहे, मंगरुळला बोललो आहे, मानोऱ्याला लोकांनी मला खांद्यावर घेतलं आहे. सगळ्या विधवांच्या वतीने मी साऱ्या समाजाला जाब विचारला. त्या ओल्या कापडापुढे मात्र मी खाली बसलो. लोकांना वाटलं हाच शेवट, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. गाड्या जुंपून सगळे समाधानाने घरी गेले.

काल बुधवारी फय्याज जऊळक्याहून डबा घेऊन आला. (डाळीचे डाग पुसायला अर्धा दिवस गेला.) इस्माईलभाईंनी चौदावा डबा सगळ्यांना फुकट दाखवला. गाव लोटला. मी वाचनालयात दिवा लावून बसलो. नंतर गोमतीबाई दारावरून जाताना सांगून गेली, थो मेला, मास्तर. कागद हातातच राह्यला त्याच्या.

आज गुरुवार, पुस्तकाचा दिवस. धनीआत्या आली. प्रयाग खुणेसाठी पानांत कापसाची वात ठेवते, देवापुढे लावतात तशी. पुस्तक परत येतं तेव्हा वात आतच असते, आणि ती नेहमी गोष्ट संपायच्या आठदहा पानं आधी असते. मला वाटे, तिला पुस्तकं आवडत नाहीत. म्हणून मी नवी नवी मागवत गेलो, अमरावतीहून, नागपूरहून. (वाती मी टाकलेल्या नाहीत. तंबाखूच्या एका रिकाम्या डब्यात आहेत. डबा भरला आहे.) आज मी आत्याला विचारलंच. तिला ऐकू यावं म्हणून इतक्या मोठ्याने विचारलं की समोरच्या गल्लीतून दोन माणसं बाहेर आली. आत्या म्हणाली, आवडत नाई कशी, दोनदोनदा वाचते. पन शेवटाले कोनी ना कोनी मरतेच म्हनते तुमच्या पुस्तकात. जित्ते हायत तवरच वाचते थे. काल सिनेमालेबी नाई गेली. म्हने, मास्तर खाली बसले तवर तं थो जित्ता होता.

आत्या गेल्यावर मी पुस्तक उघडलं. वात शेवटच्या आठ पानांआधीच होती. आज मीही तिथेच थांबलो.

इकडचं एवढंच. बाकी क्षेम. कपाशीची वेचणी संपत आली, थंडी अजून आहे. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
श्रावण

ता. क. इस्माईलभाईंविरुद्ध अर्ज लिहू नकोस. वर अन्याय वगैरे लिहिलं आहे ते मनावर घेऊ नये. माणूस भला आहे.

ता. क. दुसरा. टॉर्चचे दोन सेल पाठव असं लिहिण्यासाठी खरं तर हे पत्र हाती घेतलं होतं. सेल नकोत. इथे मिळतात.

ता. क. तिसरा. इथून पुढे तुम्हाला तुम्ही म्हणतो, कारण विनंती करायची आहे. गोपीचंदभाऊ, तुमच्या घराण्यात विधवेचा पाट लावत नाहीत हे मला ठाऊक आहे. तुम्ही रागवाल, हे पत्र फाडाल, माझं तोंड बघणार नाही म्हणाल. ते पुढचं. तुमची परवानगी मी आज मागत नाही आणि तुमच्या हाती निरोपही देत नाही. निरोप, पुस्तकं, बत्ती हे सगळं करून झालं. मला आधी तिला विचारायचं आहे, आणि तोंडाने विचारायचं आहे. ती नाही म्हणाली तर गुरुवारी पुस्तक तसंच जाईल, त्यात फरक पडणार नाही. (शेवटी कोणी मरत नाही अशी पुस्तकं मात्र मागवायला लागतील.) अडचण एकच. तुम्ही घरी नसताना मी ओसरी चढलो तर बोल तिला लागेल, मला नाही. म्हणून पुढच्या रविवारी, सहा तारखेला, सकाळच्या मोटारीने इंझोरीला या, आणि मी येईपर्यंत तुमच्या ओसरीवर बसून राहा.