निशांतचे हात, मंदारचं डोकं

३ एप्रिल
निशांतने वर्कशॉपच्या लोखंडी कपाटावर हेल्मेट आपटलं. तिसरा पोचा. पहिले दोन मार्चमधले. कारण: चौथ्या फेरीत गिअर अडकला. कपाटाचा त्याच्याशी संबंध नव्हता.
दिनूभाऊ आमचे मेकॅनिक, वय पंचावन्न. म्हणाले, "हेल्मेट कपाटाला घाला, बाय. निश्याचं डोकं काय फुटत नाय." निशांतने पाना फेकला. त्यांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. मग स्वतःच उचलून आणला.
"सॉरी, दिनूभाऊ."
"माला नको, कानाला सांग."
मंदारदादा टायरची हवा मोजत होता. वरसुद्धा बघितलं नाही.

५ एप्रिल
सुर्वेकाकांनी काम दिलं. मिरजोळ्याचं हे वर्कशॉप, दोन्ही गाड्या, टीम, सगळं त्यांचं. ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय शर्यतींच्या मालिकेत आमची एकच गाडी उतरणार. चालक दोन, सीट एक.
"तू डेटा वाचतेस, बाय. मला दोन रकाने दे. हात कोणाचे आणि डोकं कोणाचं. १५ मेपर्यंत. मी वाचीन आणि तिथंच नाव सांगीन."
मी म्हटलं, त्यातला एक, मंदारदादा, माझा सख्खा भाऊ आहे.
"म्हणून तर. तू त्याचंसुद्धा कौतुक करत नाहीस."
खरं आहे.

९ एप्रिल
पहिला कच्चा तक्ता.
हात. नि. वळणात स्टिअरिंग एकदा फिरवतो आणि तिथेच ठेवतो. रेघ पेनाने ओढल्यासारखी. दा. त्याच वळणात तीन दुरुस्त्या. फेरीमागे चार दशांश सेकंदांचा फरक, नि.च्या बाजूने. सात दिवसांत एकदाही उलटा नाही.
डोकं. दोघांच्या छातीवर नाडीचा पट्टा असतो. सुरुवातीच्या रेषेवर नि. १७१. गाडी सुटली की खाली येत जातो, १४० पर्यंत. दा. रेषेवर ९४, वळणात ९६, फेरी संपल्यावर ९५.
काकांच्या मते डोक्याचा रकाना इथेच संपला. "मंदार म्हणजे बर्फ," म्हणाले. मी अजून भरलेला नाही.

१२ एप्रिल
टायरच्या चळतीखाली फुरसं निघालं. दिनूभाऊ स्टुलावर, निशांत बॉनेटवर. निशांत ओरडतोय, "मनू, तू पण वर ये! इंजिनियर असलीस तरी चावतं ते!"
दादाने जॅकचा दांडा घेतला. पहिल्या फटक्यात डोकं चेचलं. एकूण फटके सात. माझ्या मोजणीने ते दुसऱ्यालाच मेलं होतं. बाकीचे पाच सारख्या अंतराने पडले, घाई नव्हती. मग हात धुतले आणि डबा उघडला. आईने आंबोळ्या दिल्या होत्या. चार खाल्ल्या.
पट्टा छातीवर तसाच होता. नाडी ९३.

१४ एप्रिल
घाटावरची स्पर्धा. निशांत दुसरा, दादा तिसरा. पहिला आलेला माणूस निशांतला काहीतरी आईवरून बोलला. निशांतने त्याचं नाक फोडलं. हाड मोडल्याचा आवाज मला पाच मीटरवर आला. रक्त त्याच्या पांढऱ्या ओव्हरऑलवरून बुटांपर्यंत. दादाने निशांतला मागून धरलं, बाजूला नेलं, त्या माणसाला स्वतःचा रुमाल दिला. सगळे म्हणाले, बघा, एकाच टीमची दोन माणसं.
संध्याकाळी फाइल बघितली. तोच माणूस शर्यतीत दोनदा निशांतच्या गाडीवर चालून आला होता. दोन्ही वेळा निशांतने ॲक्सिलरेटरवरून पाय काढलाय, टक्कर व्हायच्या आठ मीटर आधी. तिथे त्याला मारणं सोपं होतं. कुणी बघितलंही नसतं.
डोक्याच्या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरत नाही.

२० एप्रिल
सड्यावर, गावाबाहेरच्या कातळपठारावर, चाचणी. दोन्ही गाड्या एकत्र, दहा फेऱ्या. जे झालं ते क्रमाने लिहिते.
९.१०. नाडीचे पट्टे बांधले, गाडीच्या नोंदी ठेवणारे लॉगर चालू.
९.१५. नेहमीप्रमाणे काकांचं देवाला गाऱ्हाणं. हातात नारळ, दोन्ही गाड्या समोर, आम्ही सगळे मागे. "बा म्हाराजा, ह्या सड्याच्या मालका! आज ही लेकरं तुझ्या पाठीवर गाड्या घालतायत, त्यांच्या हातापायाला धक्का लागू देव नको." "व्हय म्हाराजा!" "एकानं दुसऱ्याचं वाकडं चिंतलं असंल, तर त्याचं चाक हितंच धरून ठेव." "व्हय म्हाराजा!" दादाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. नारळ एका फटक्यात फुटला.
९.३१. सातवी फेरी. खाणीचं वळण डावीकडे जातं. उजव्या हाताला जुनी चिरेखाण, चौकोनी कापलेली, अठरा फूट खोल. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी. दादा आत, निशांत बाहेर. धूळ. पत्र्याचा आवाज एकदाच. मग काही नाही. मग खालून.
निशांतची गाडी टपावर पडली होती. चिऱ्यावर काचा आणि रक्त. जांभ्यावर रक्त दिसत नाही पटकन, ओलं दिसतं फक्त. डाव्या मांडीचं हाड कपड्यातून बाहेर. दिनूभाऊंनी दार उचकटलं तेव्हा त्यांच्या तळहाताचं मांस सोललं गेलं. ते शिव्या देत होते आणि रडत होते. निशांत शुद्धीवर. मला म्हणाला, "लॉगर काढ. भिजेल." पेट्रोल गळत होतं.
मी लॉगर काढला.
दादा वर कडेला उभा. हेल्मेट काखेत. "तो आत वळला," म्हणाला. "मी काय करणार?"

२१ एप्रिल
रत्नागिरीतल्या हॉस्पिटलात सहा तास ऑपरेशन. मांडीत सळई. डॉक्टर म्हणतात सप्टेंबरपर्यंत गाडीत बसेल.
म्हणजे सीट अजून दोघांपैकी कुणाचीही असू शकते. काकांनी मात्र मनात ठरवलंय. "हात सोन्याचे, पण डोकं नाय गो. बाहेरून आत घुसायला गेला, नाय तर असं होतंय कसं?" कपाटाच्या तीन पोच्यांकडे बघत म्हणाले.
घरी आई: "आमच्या मंदारला खरचटलंही नाही. शांत माणसाला देव सांभाळतो." दादा भात कालवत होता.

२३ एप्रिल
दोन्ही लॉगर उघडले. वेळ जुळवली. सेकंदाला शंभर नोंदी.
निशांतचं स्टिअरिंग: वळणात एकदा फिरवलं, धरून ठेवलं. आत वळलेला नाही. एक अंशही नाही. टक्कर व्हायच्या ०.६ सेकंद आधी त्याने पाय काढलाय. नेहमीसारखा.
दादाचं: टक्कर व्हायच्या ०.८ सेकंद आधी स्टिअरिंग उजवीकडे, अकरा अंश. वळण डावीकडे. ॲक्सिलरेटर शंभर टक्के. ब्रेक शून्य. टक्कर झाल्यावरही १.१ सेकंद शंभर टक्के.
ढकलत होता.
तीनदा तपासलं. सेन्सर उलटा बसलाय का बघितलं. बसलेला नाही.
चहा केला. प्यायले नाही.

२४ एप्रिल
एक चूक माझीही. एरवी फाइलचा सुरुवातीचा भाग मी कापून टाकते. गाऱ्हाणं, नारळ, उभं राहणं, त्यात गाडीचा डेटा नसतो. २० तारखेला गोंधळात कापायचा राहिला.
९.१५, गाड्या बंद. निशांत ११०, १०८. दादा ९५, ९४, ९५. मग "वाकडं चिंतलं असंल" ह्या वाक्याशी (माझ्या फोनमध्ये आवाज आहे, वेळ जुळवली) दादा १४८.
चौदा सेकंद. मग परत ९६.
कार्डावर आधीच्या सात दिवसांच्या मूळ फाइली अजून आहेत. सातही गाऱ्हाणी बघितली. त्याच वाक्याला ९३ ते ९७. रोज.
फुरशाला ९३. घाटावर रक्ताला ९५. खाणीच्या कडेवर, टकरीच्या क्षणी, ९६.
म्हणजे वळणावर काहीच ठरलं नाही. वळणापर्यंत सगळं ठरलेलं होतं.
सावकाश. नाडीवरून मन वाचता येत नाही. हे मी रिपोर्टात लिहू शकत नाही. अकरा अंश लिहू शकते.

२७ एप्रिल
हॉस्पिटल. निशांतचा पाय मांडीपर्यंत पट्टीत, चेहरा सुजून उजवा डोळा बंद.
"या, इंजिनियर. कपाट कसंय?"
"बरं आहे."
"त्याला सांग, पुढच्या महिन्यात येतो." हसला, टाके ओढले गेले, आईबहिणीवरून शिवी दिली, नर्सची माफी मागितली. मग पंख्याकडे बघत म्हणाला, "मला सहाव्या फेरीनंतरचं काही आठवत नाही. मीच वळलो ना आत? डोकं फिरलं असेल. माझं फिरतंच."
मी म्हटलं, डेटा अजून पूर्ण बघितलेला नाही.
आयुष्यात पहिल्यांदा डेटाबद्दल खोटं बोलले. त्याने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला. भिंतीवर काही फेकलं असतं तर बरं झालं असतं.

२ मे
दादा वर्कशॉपात आला. दिनूभाऊ हातावर पट्टी बदलायला गेलेले.
"पूर्ण फाइल ठेवलीस?"
"हो."
"सुरुवात कापली नाहीस?"
"नाही."
"चल, मनू. गाडीचं ॲलाइनमेंट बघायचंय." नेहमीच्या आवाजात. मी बसले. का बसले, माहीत नाही. बहुतेक त्याने दार उघडून धरलं म्हणून.
सड्यावर पहिला, दुसरा, तिसरा गिअर. बोलत होता. "निशांतचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत. तू मोजतेस म्हणून तुला कळतं. मी सहा वर्षं त्याच्या मागून चालवतोय, मला मोजावं लागत नाही." खाण समोर. वळला नाही. सरळ. "काकांना हात दिसत नाहीत. त्यांना कपाट दिसतं. ते तसंच राहू दे." काठ चाळीस मीटर. तीस. दगडमाती खालून पत्र्यावर गोळ्यांसारखी. "रिपोर्टात काय लिहिलंयस?"
मी अंतर मोजत होते.
ब्रेक. गाडी आडवी झाली, माझं डोकं खिडकीच्या पाइपवर आपटलं, कानामागे फुटलं. थांबलो तेव्हा माझ्या बाजूचं पुढचं चाक काठापासून चार हात. खाली काचा अजून चमकत होत्या.
दादाने वळून बघितलं. खूश वाटला.
"ओरडली नाहीस. आपण दोघं सारखे आहोत."
रक्त पुसायला रुमाल दिला. त्या माणसाला दिला होता तसाच.

३ मे
कानामागे तीन टाके. आईला सांगितलं, बॉनेट लागलं. दादा शेजारी बसून म्हणाला, "मी सांगतो तिला नेहमी, जपून काम कर."
लॉगर त्या फेरीतही चालू होता. त्याच्या लक्षात नव्हतं, किंवा होतं. ब्रेक काठाच्या १९ मीटर आधी. त्या वेगाला १७ लागतात. दोन मीटर जास्तीचे ठेवले. म्हणजे मला मारायचं नव्हतं.
नाडीचा पट्टा त्याने बांधला नव्हता.

९ मे
दिनूभाऊ उजवा हात पट्टीत घालून आले. "बाय, तुज्या कानामागं बॉनेट कसं लागलं गो? बॉनेट उघडतंय वर, तू उभी पुढं."
मी केस कानावर ओढले.
"मी तीस वरसं पत्रा ठोकतोय. निश्याच्या गाडीवरचा मार मी बघितला. मागच्या दारापास्नं पुढं घासत गेलाय. जो वळतो त्याच्या गाडीला असा मार बसत नाय. पन माजं कोन ऐकनार? तुजं कागदावर असतंय."
"तुम्ही काकांना का नाही सांगितलं?"
"तुजा भाव हाय ना तो."

१५ मे
सड्यावर, जीपमध्ये बसून लिहितेय. सकाळचे ८.५०. काकांनी सगळ्यांना इथेच बोलावलंय. आधी गाऱ्हाणं, मग रिपोर्ट, मग नाव. म्हणतात, नव्या मोसमाची सुरुवात देवासमोर व्हावी. निशांत चाकाच्या खुर्चीत, पाय पुढे ताठ. दादाने त्याची खुर्ची दगडांवरून उचलून आणली. निशांत म्हणाला, "हळू रे, बर्फा, मी काय गाडी आहे?" दोघं हसले.
पिशवीत दोन रिपोर्ट आहेत. दोन्हीत हात निशांतचे. पहिल्यात डोक्याच्या रकान्यात काकांना हवं ते, सातवी फेरी "डेटा अपूर्ण". दुसऱ्यात सातव्या फेरीचे चार आलेख, अकरा अंश, शंभर टक्के, १.१ सेकंद. शिवाय २ मेची फेरी. गाऱ्हाण्याची नाडी घातलेली नाही. ते सिद्ध होत नाही.
पहिला दिला तर निशांत जन्मभर समजेल की त्याने स्वतःच स्वतःला खाणीत घातलं. दुसरा दिला तर त्यानंतर दादाबरोबर एकाच घरात जेवायचं.
आज नाडीचा तिसरा पट्टा मी बांधलाय. शर्टाच्या आत. दादा म्हणाला तसे आम्ही सारखे आहोत का, हे मोजायचं आहे. घड्याळावर आकडा दिसतो. अजून बघितलेला नाही.
काकांनी नारळाची शेंडी काढली. दिनूभाऊ हाक मारतायत. दादा मागे वळून माझ्यासाठी शेजारी जागा ठेवतोय.
"वाकडं चिंतलं"चं वाक्य आलं की मलाही मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणावं लागेल.